पासांगकाका बोरिंगवाले

माही रोजी आवाजावर चालते. स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या. सरपंचाचा आवाज काढतो, तहसीलीतल्या बाबूचा काढतो, साकोलीच्या बसस्टँडवर गाडी पुकारणाऱ्या कंट्रोलरचा तं असा काढतो, का एकदा चार माणसं खरंच उठून लाखांदूरच्या गाडीत जाऊन बसले होते. शाळेत हेडमास्तरचा आवाज काढला म्हणून आठवडाभर वर्गाच्या बाहेर होतो. बाहेर बसून शिपायाचा शिकलो. पण एका माणसाचा आवाज मले कधी विकता आला नाही. पासांगकाकायचा.

काका दिसाले तिबेटी अन् बोलाले पक्के झाडीपट्टीचे. डोळे मिटून ऐकलं तं वाटन एकोडीकडचा कोणी मामा धानाच्या बांधीत उभा राहून बोलून राहिला. स्टेजवर मी त्यायचा आवाज काढला का लोक म्हणत, "हा तं आमच्या मामाचा आवाज होय. तिबेटवाल्याचा काढ ना बे."

लोकायले पाहिजे होता नाकातला चिंगचांग. तो मी एकदा काढला.

तवा आमी दोघं दुधरामभाऊच्या बॅन्ड पार्टीत होतो. काका ट्रम्पेट वाजवत, अन् मी दोन गाण्यायच्या मधात माइकवर मिमिक्री करत होतो. एका लग्नात काका मागं बसून ट्रम्पेट पुसून राहिले होते, अन् इकडं मी दोन मिनिटं नाकातून बडबडलो. मांडव हसून लोळला. काका उठले. मले वाटलं आता कानाखाली बसते. त्यायनं माइकचं बटन बंद केलं अन् मले मांडवाच्या मागं, भाताच्या गंजाजवळ नेऊन बसवलं.

"मी असा बोलतो का?"

"नाही काका."

"माहा बाप असा बोले का?"

"मले काय माहीत?"

"मंग ज्याले ऐकलंच नाही त्याचा आवाज कायले काढतो? बस. ऐक."

अन् पंधरा मिनिटं मले तिबेटी ऐकवलं. खालच्या पट्टीत, गळ्यातून, मधात मधात श्वास सोडत. नाकाचा काही संबंधच नव्हता. मी एवढा गुंगलो का भात वाढणारी बाई मले ओलांडून गेली. शेवटी म्हटलं, "काका, काय सांगतलं?"

"बोरिंगचा वायसर कसा बदलाचा ते."

काकायचा जन्म अर्जुनीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेले तिबेटी लोकायची वसाहत आहे तिथला. तवा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. बाप बर्फातून पायी निघून आला, अन् शेवटी आमच्या पंचेचाळीस डिग्रीत मक्का लावत बसला. काका इथंच वाढले, इथंच पंचायत समितीत बोरिंगचे मेकॅनिक झाले. आमच्याकडं हापशीले बोरिंगच म्हणतात. मोटरसायकलच्या एका बाजूले पाने अन् साखळी, दुसऱ्या बाजूले रंगाचे दोन डबे, अन् डिक्कीत पाणी तपासाच्या बाटल्यायची पेटी. काकू हिवाळ्यात भंडाऱ्याले स्वेटर विके. लोक काकायले नेपाळी म्हणत, चिनी म्हणत, कोणी कोणी जपानीही म्हणत. काका दरवेळी थांबून, न चिडता, "तिबेटी" एवढंच म्हणत. जसं मास्तर हजेरीत चुकलेलं नाव दुरुस्त करते.

एकदाच चिडलेले पाहिले. महामारीच्या दिवसायत, वरठीहून येतानी बसमध्ये एक जण म्हणे, "ए चिनी, दूर बस."

काका त्याच्याच बाजूले बसले. "मी चिनी असतो तं माह्या बापाले पळा लागलं नसतं. सरक."

तो सरकला. साकोलीपर्यंत मंग दोघंही खिडकीबाहेर पाहत होते.

काकायले कोणतंही बोरिंग दाखवा, आधी उघडत नसत. पाइपाले कान लावत अन् मले म्हणत, "हापस." मी हापसे. ते डोळे मिटून ऐकत. "चौथ्या हापशीले सूर खाली जाऊन राहिला. वायसर गेला." उघडलं का वायसरच गेलेला निघे. लग्नात चहा आला तं आधी कपात पाहत. चहा काळाजांभळा दिसला का यजमानाले बोलावून सांगत, "लोखंडाचं पाणी आहे. मरत नाही त्यानं कोणी, पण नवरदेवाचा पांढरा सदरा इथं धुऊ नका." अन् कोणी हसलं का काकायची नजर आधी त्याच्या दातावर जाय. नवीन माणसाले ते विचित्र वाटे. मले माहीत होतं ते काय पाहून राहिले. बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड असलं का दातावर तपकिरी रेघा येतात. मंग वर्षं गेले का हाडं धरतात, मान अन् गुडघे वळत नाहीत.

आता ट्रम्पेट. तो त्यायले त्यायच्या काकानं शिकवला, फौजेच्या बॅन्डमधून रिटायर होऊन आलेल्या. अन् वसाहतीच्या दवाखान्यात एक परदेशी डॉक्टरीण होती, ती जातानी जुन्या कॅसेटी सोडून गेली. त्या कॅसेटीत जॅझ होतं. पोट्ट्यायनं बाकी कॅसेटीवर सिनेमाचे गाणे भरून घेतले, काकायनं तीन लपवून ठेवल्या. तेवढ्या तीनवर हा माणूस सगळं शिकला.

बॅन्डच्या छोटा हत्ती टेम्पोत बसून ते मले जॅझचा इतिहास सांगत. म्हणे, अमेरिकेत काळ्या लोकायले गुलाम करून नेलं. देश गेला, भाषा गेली, नावंही मालकाचे. लढाई झाली, गुलामी सुटली, अन् फौजेचे जुने बाजे स्वस्तात बाजारात आले. त्यायनं ते घेतले. बाजा गोऱ्याचा, पण फुंक आपली. मंग ते लोक जहाजानं आपल्या मुंबईलेही आले, मोठ्या हॉटेलात वाजवलं. तिथं गोव्याचे वाजवणारे त्यायच्यापासून शिकले, ते गेले सिनेमात. सिनेमातून ते गाणं दुधरामभाऊच्या बॅन्डमध्ये.

"म्हणजे आपला दुधरामभाऊ जॅझवाला आहे?" मी म्हटलं.

समोर ड्रायव्हरजवळ बसलेला दुधरामभाऊ मागं वळला. "मी जॅझबिझ काही नाही. मी ॲडव्हान्स घेतल्याशिवाय वाजवत नाही."

"तेही तसेच होते," काका म्हणाले.

अन् दरवर्षी मार्चमध्ये एक दिवस काका ट्रम्पेटले हात लावत नसत. तिबेटात लोक चीनच्या विरोधात उठले होते अन् चिरडल्या गेले, त्या दिवसाच्या आठवणीत तिबेटी माणसं झेंडे घेऊन नागपूरच्या चौकात बसतात. काका न चुकता जात. तिकडं ल्हासाच्या बाजूले त्यायच्या मावशीचा पोरगा होता. फोनवर तो थंडीचं अन् याकाचंच बोले, दुसरं काही बोललं का लाइन कटे. एका वर्षी तिकडं लई गडबड झाली, अन् त्याचा फोन लागणंच बंद झालं. काका महिना दोन महिन्यातून नंबर लावून पाहत. आमच्यासमोरच, चहा पितापिता. लागला नाही का फोन खिशात ठेवून उरलेला चहा संपवत.

दुधरामभाऊ म्हणे, "काका, त्या दिवशी लग्नाची तारीख आहे. देश उद्या सोडवा."

"उद्या नाही सुटत, दुधराम. आजही नाही सुटत. म्हणून तं दरवर्षी जा लागते."

आता ज्याच्यासाठी हे लिहून राहिलो ते सांगतो. गावाचं नाव नाही सांगत, तिथल्या पोरीयचे लग्न व्हायचे आहेत. साकोली तालुक्यातलं, तलावाच्या काठचं, धानाचं गाव. वर शेतकऱ्यायची वस्ती, अन् तलावाच्या पाळीखाली ढिवरायची टोली, मासोळ्या मारणाऱ्यायची.

मे महिन्यातलं लग्न होतं. नवरीचा बाप सदाशिवभाऊ, दहा एकरवाला. आमच्याकडं नवरीच्या हळदीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत आणतात. बाया डोक्यावर गुंड, म्हणजे पितळेच्या घागरी, घेऊन निघतात, पुढं बॅन्ड, अन् एकदा वाजत निघालेले गुंड रिकामे घरी आणत नाहीत. सकाळी आठले निघालो. पुढं नवरीची आत्या, कौसल्याआत्या. पायानं जराशी अवघडलेली, पण जिभेनं नाही. "ओ तिबेटवाले, जोरात वाजवा, लग्न आहे, थेंबथेंब पाजाले पोलिओचा डोस नाही," असं तिनं निघतानीच सुनावलं होतं.

वस्तीच्या टोकावर वळलो, अन् समोर बोरिंग दिसलं. लालभडक रंगवलेलं. दांड्याले आंब्याच्या पानाचं तोरण, नळाले हळदकुंकू, खाली ओट्यावर रांगोळी.

ट्रम्पेटचा सूर मधातच तुटला. ढोलवाला दोन ठोके एकटाच पुढं गेला अन् मागं पाहून थांबला.

"काय झालं काका?" दुधरामभाऊ कानात पुटपुटला.

काका त्याच्याकडं पाहून नव्हते राहिले. "हे तोरण कोणी बांधलं?"

"आमी बांधलं," आत्या म्हणाली. "गावातलं सगळ्यात मानाचं बोरिंग आहे. आधी अर्धं गाव दुसरीकडून पाणी आणे. याले सरकारनं लाल रंग दिला तवापासून सगळे इथूनच नेतात."

"लाल रंग मी दिला, बाई."

"बरं केलं. छान दिसते."

"पिऊ नका म्हणून दिला. लाल म्हणजे पिण्याचं नाही."

बायायनं तोरणाकडं पाहिलं. मंग आत्या म्हणाली, "आमाले वाटलं सरकारनं शेंदूर लावला."

आता हे ऐकून तुमी हसान. मीही हसलो असतो. पण आमच्याकडं लाल रंग कशाकशाले लागते ते पाहा. मारुतीले लागते, गावदेवीले लागते, नवरीच्या भांगात भरते. कचेरीतल्या कोण्या साहेबानं ठरवलं असन का लाल म्हणजे धोका. त्या साहेबाच्या घरी देव्हारा नसन.

सदाशिवभाऊ मागून पुढं आला. "काका, मुहूर्त जाऊन राहिला. आंघोळीचंच पाणी आहे, पोरीले पाजाचं नाही."

"आंघोळीले चालते," काका म्हणाले. "पण आज इथं वाजलं तं उद्यापासून सारं गाव देवाचं म्हणून पिईन."

त्यायच्या ट्रम्पेटच्या पेटीत तपासाची एक बाटली राहेच. पेल्यात बोरिंगचं पाणी घेतलं, थेंब टाकले. "गुलाबी राहिलं तं पिण्यासारखं. पिवळं झालं तं नाही." पेल्यातलं पाणी पिवळं झालं.

"हळदीचं पाणी पिवळंच पाहिजे ना," आत्या म्हणाली, अन् बाया हसल्या.

काकाही हसले. मंग म्हणाले, "आत्या, तुमाले उकिडवं बसता येते?"

"नाही येत. वय झालं."

"किती झालं?"

"शेचाळीस."

"मान मागं जाते? आभाळ पाहता येते?"

आत्यानं पाहून पाहिलं. डोक्यावरचा गुंड आधी काढला, मंग मान मागं नेली. थोडीशी गेली अन् अडकली. हसणाऱ्या बायायपैकी तिघीचौघींनी आपापली मान हलवून पाहिली. गुपचूप, एकमेकीकडं न पाहता. नवरीच्या लहान बहिणीनं ओठ मिटून घेतले, दात दिसू नये म्हणून.

"हे कवाचं माहीत होतं तुमाले?" आत्याच्या आवाजात आता गंमत नव्हती.

"मागच्या मार्चपासून. मी तपासलं, रंग दिला अन् गेलो. गावात बसून सांगणं माह्या कामात होतं. सरपंचाले फोन केला, लागला नाही. परत केला नाही. चूक माही आहे."

"एवढी कायची घाई होती?"

"नागपूरले जायचं होतं. तिबेटसाठी बसाले."

"मंग सुटला का तिबेट?"

"नाही."

"अन् इकडं आमचे गुडघे गेले."

सव्वा वर्षात गुडघे जात नाहीत. त्याले पंधरा वीस वर्षं तेच पाणी पोटात जा लागते. हे मले माहीत होतं, म्हणजे काकायले तं होतंच. एक वाक्य बोलले असते तं सुटले असते. ते बोलले नाहीत. आत्यासमोर उन्हात मान खाली घालून उभे राहिले, बॅन्डचा तो लाल जरीचा कोट घालून, अन् घाम त्यायच्या भुवईतून खाली उतरत होता.

मंग सदाशिवभाऊच म्हणाला, "आता गुंड रिकामे नेता येत नाहीत. पाणी आणाचं कुठून?"

"टोलीतली विहीर चांगली आहे. पाळीखालची. त्याच दिवशी तपासली होती."

"ढिवरायच्या टोलीतून? लग्नाचं पाणी?" सदाशिवभाऊनं भोवताली पाहिलं, कोणी आपल्या बाजूनं बोलते का ते. "आमच्या घरी असं झालं नाही काका."

काकायनं वाद घातला नाही. पेटी बंद करून माह्या हाती दिली, ट्रम्पेट ओठाले लावला अन् टोलीच्या वाटेनं चालू लागले. हळूहळू, एक एक सूर ओढत. असं काही त्यायनं आमच्या पार्टीत कधीच वाजवलं नव्हतं. आमी पाहत राहिलो. दुधरामभाऊ म्हणाला, "अबे, ट्रम्पेट गेला तं बॅन्ड गेला. चला." ढोलवाल्यानं त्या संथ चालीवर एक एक ठोका टाकाले सुरुवात केली.

बाया तिथंच उभ्या. सगळ्यायचे डोळे आत्याकडं. तिनं गुंड परत डोक्यावर ठेवला. "मले गुडघे नाहीत, पण पाय आहेत," म्हणाली अन् निघाली. सदाशिवभाऊ सगळ्यायच्या मागून आला, हाताची घडी घालून, जसं काही तो दुसऱ्याच कामानं तिकडं चालला.

टोलीत पार्बताबाई विहिरीच्या ओट्यावर मासोळीचं जाळं वाळवत होती. बॅन्ड पाहून उठली. तिनं आधी बॅन्ड पाहिला, मंग गुंड, मंग सदाशिवभाऊ.

"मासोळी न्यायले येता तवा मागच्या वाटेनं येता," ती म्हणाली. "आज वाजवत आले?"

आत्या म्हणाली, "पोरीच्या हळदीचं पाणी पाहिजे, पार्बता."

"घ्या ना. पाण्याले कोणी नाही म्हणत नाही. पण त्या लाल लोखंडाले हळदकुंकू लावता, तं माह्या विहिरीलेही लावा. मंग भरा."

आत्यानं ताटातली हळद घेतली. खाली वाकता येईना, तं पार्बताबाईनं तिच्या दंडाले धरलं. दोघींनी मिळून ओट्याच्या दगडाले बोटं ओढले. काकायनं पार्बताबाईच्या पोहऱ्यातलं पाणी पेल्यात घेतलं, थेंब टाकले, अन् पेला सदाशिवभाऊच्या हाती दिला. त्यानं पेला उन्हात धरून पाहिला. गुलाबी. मंग म्हणाला, "भरा."

अन् परत येतानी काकायनं जे वाजवलं, ते सांगता येत नाही, काढून दाखवता येते थोडंसं. गाणं ओळखीचंच होतं, सिनेमातलं. पण ते त्याले धरून राहिले नाहीत. सोडत, वरून फिरून येत, अन् आपल्याले वाटे आता चुकले, तं बरोबर समेवर उतरत. ढोलवाला आधी घाबरला, मंग तोही सुटला. टोलीतल्या पोरी नाचल्या, मांडवातल्या पोरी नाचल्या. आत्या गुंड डोक्यावर घेऊन नुसते खांदे हलवत होती. दुधरामभाऊ मले म्हणाला, "हा माणूस इतके वर्षं एवढं पोटात ठेवून होता?"

छोटा हत्तीत बसल्यावर मी विचारलं, "काका, हे काय होतं?"

"जॅझवाले ते लोक मयतीले असंच करत. जातानी रडत वाजवत, येतानी नाचत."

"पण आज तं लग्न होतं."

काका ट्रम्पेट पुसू लागले. "माह्यासाठी जातानी लग्न नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ते सुट्टी टाकून गावात गेले. सदाशिवभाऊच्या समोर बोरिंगचा दांडा काढला. मंग पुढचे चार महिने, जिथं जिथं लाल रंग दिला होता तिथं तिथं परत गेले. ट्रम्पेट वाजवून माणसं गोळा करत, पेल्यात थेंब टाकत, अन् लोकायले दोन दोनदा विचारत का समजलं काय. तीन गावायत बोरिंगले तोरण सापडलं. टोलीच्या विहिरीवर भांडणं झाले, नाही असं नाही. पार्बताबाईनं नियम लावला, आधी टोलीचे चार गुंड, मंग वरच्या वस्तीचे. सदाशिवभाऊच्या घरची सून रांगेत उभी राहू लागली. कुरकुरत, पण उभी.

मार्च आला. मले पुण्याले आवाजाचं काम लागलं होतं, त्याच आठवड्यात निघाचं होतं. बॅन्डच्या खोलीत काका ट्रम्पेट पुसत बसले होते. दुधरामभाऊनं विचारलं, "तुमच्या नागपूरच्या दिवसाले सुट्टी धरू ना?"

"नको धरू. नाही जात औंदा."

"काहून?"

"मागं त्याच्याच पायी चुकलो."

दुधरामभाऊनं, ज्यानं दरवर्षी त्या सुट्टीवरून भांडण केलं, त्यानं बाहेर जाऊन कोणाले तं फोन लावला. पंधरा मिनिटात काकायचा फोन वाजला. पलीकडून आत्या एवढ्या जोरात बोलत होती का स्पीकरची गरज नव्हती.

"काहून नाही जात?"

"आत्या, तुमीच तं म्हटलं होतं..."

"मी तवा गुडघ्याचं म्हटलं, देशाचं नाही म्हटलं. तुमी आमच्यासाठी गावोगाव फिरले. एक दिवस आमाले बसाले काय होते? मी अन् पार्बता येऊन राहिलो. पण खाली बसाचं असन तं मले जमत नाही. खुर्ची आणा."

त्या दिवशी सकाळी मी साकोलीच्या स्टँडवर माह्या गाडीची वाट पाहत होतो. नागपूरची गाडी आधी लागली. पार्बताबाई खिडकीजवळ बसली होती, पिशवीत तिबेटचा झेंडा घडी करून, डब्याच्या बाजूले. तिच्या शेजारी आत्या, पाय सरळ पुढं ताणलेले, जाणाऱ्यायेणाऱ्याले सांगत का ओलांडून जा. काका शेवटी चढले. डोक्यावर निळी प्लास्टिकची खुर्ची, उलटी, पाय वर.

कंडक्टर म्हणाला, "खुर्चीचं तिकीट लागन. कुठी नेता?"

"तिबेटले," आत्या आतून म्हणाली.

काकायनं तिले दुरुस्त नाही केलं. खुर्ची मांडीवर घेऊन बसले, दोन्ही हातानं धरून, अन् गाडी हलली.